होंडासारख्या कंपन्या फॉर्म्युला वन ही कार शर्यत का सोडतात?
प्रश्न सांगलीहून आलाय, म्हणून तिथल्याच कुपवाड एमआयडीसीचं उदाहरण घ्या. तिथल्या लेथवाल्याला विचारा, आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या, वाढल्या की बेअरिंग आणि बॅलन्सिंगचा खर्च किती चढतो. 2014 च्या फॉर्म्युला वनच्या हायब्रिड इंजिनात टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टलाच जोडलेला मोटर-जनरेटर आला. तो मिनिटाला 1,25,000 फेऱ्यांपर्यंत फिरायचा, तोही एक्झॉस्टच्या धगीशेजारी. खरा पैसा तिथे मुरला, आणि रस्त्यावरच्या गाड्यांना उपयोग फारच थोडा! त्याआधी 2008-09 मध्ये मंदी आली आणि होंडा, बीएमडब्ल्यू, टोयोटा पाठोपाठ बाहेर पडले. 2021 पासून संघाच्या खर्चावर मर्यादा आहे, सुरुवातीला 14.5 कोटी डॉलर. ड्रायव्हरचा पगार मात्र त्यात धरत नाहीत. 2026 च्या नियमांतून तो जनरेटर काढला, हे फार बरं झालं. ऑडीची फॉर्म्युला वनमध्ये यायची वाट त्यामुळे सोपी झाली.