इनडिझाइन निघेना, बसेना : फोल्डर हाताने उडवायच्या आधी हे वाचा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. दिवाळी अंकाची निम्मी पानं लागलेली, इनडिझाइन (ॲडोबीचं पानं लावायचं सॉफ्टवेअर) अर्धं निघालंय अर्धं राहिलंय, यादीत नाव दिसतंय पण अनइन्स्टॉल दाबलं की ढिम्म, नवीन टाकायला गेलं की बार मध्येच अडकतो, आणि मेहुणे म्हणतात प्रोग्राम फाइल्समधलं ॲडोबीचं फोल्डर शिफ्ट-डिलीट मार, म्हणजे कायमचं पुसून टाक, नाहीतर सरळ फॉरमॅट. मेहुण्यांना चहा पाजा आणि कीबोर्डपासून लांब बसवा. मी हे दोन्ही केलंय, ह्याच क्रमाने.

आधीच सांगते, मी काही कॉम्प्युटर इंजिनियर नाही. कराडजवळ आमचं छोटं डीटीपीचं काम आहे, पत्रिका, बिलबुकं, वर्षाला एखादा अंक. विंडोजवर जे भोगलं तेवढंच लिहितेय, मॅकचं मला विचारू नका. डिस्कवर जागा, नेट, ॲडमिन म्हणून चालवणं वगैरे तुम्ही बघितलं असेलच. फक्त एक, शटडाऊन करून परत चालू केलं म्हणजे रिस्टार्ट झालं असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोज निम्मं झोपतं, पुरतं बंद होत नाही, म्हणून मेनूतून रिस्टार्टच दाबा. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

तर माझी कथा. 2022, तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे पत्रिकांची झुंबड. त्यातच मी अपडेट घेतलं (का घेतलं, नका विचारू) आणि जुन्या सेटिंग आणायच्या का ती टिक काढून टाकली, म्हटलं सगळं स्वच्छ असू दे. दुसऱ्या दिवशी नवीन पत्रिका उघडली, मजकूर टाकला, तर 'चि.' मधली वेलांटी च च्या पुढे जाऊन टिंबावर छत्री धरून उभी. 'श्री' चे तुकडे. 'प्रसन्न' मधला प्र फुटलेला. मी म्हटलं सॉफ्टवेअर नासलं.

नासलं बिसलं काही नव्हतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेद जुळवणारा जो कंपोझर असतो त्यात मराठी युनिकोडला (आजकालच्या, कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या मराठी टायपिंगला) वर्ल्ड-रेडी कंपोझर लागतो, आणि सेटिंग पुसल्या गेल्यामुळे नवीन फाइलला साधा कंपोझर लागला होता. पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत जाऊन वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडायचा, बस, वेलांटी घरी. एकही फाइल उघडी नसताना निवडला तर पुढच्या सगळ्या नव्या फाइलींना तोच लागतो. जुन्या फाइली तेव्हाही नीट उघडत होत्या, फक्त नव्या फुटत होत्या, एवढ्यावरूनच मला उमगायला पाहिजे होतं, पण दारात पार्टी उभी असली की डोकं कुठे चालतं.

मी काय केलं, अनइन्स्टॉल. परत टाकलं, परत तेच, परत अनइन्स्टॉल, आणि ह्या दुसऱ्या वेळी मध्येच लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. लाईट आली तेव्हा तुमचं आज जे आहे तेच माझं, यादीत नाव आहे, आत माल नाही, काढताही येत नाही आणि टाकताही येत नाही.

आता ती घोडचूक, जी मला सगळ्यात महाग पडली. मी प्रोग्राम फाइल्समधलं इनडिझाइनचं फोल्डर उडवलं. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण तरी बसेना म्हणून शोधत शोधत कॉमन फाइल्समध्ये शिरले, तिथेही ॲडोबी नावाचं फोल्डर दिसलं, म्हटलं हाच तो उरलेला कचरा, आणि शिफ्ट-डिलीट. काही फाइली वापरात आहेत म्हणाला, तर मी टास्क मॅनेजरमधून ॲडोबीचं जे दिसेल ते बंद करून परत डिलीट मारलं, इतकी हुशार मी.

तो कचरा नव्हता हो. कॉमन म्हणजे सगळ्यांची सामायिक. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, सगळ्यांना लागणाऱ्या फाइली तिथे असतात, लायसन्स तपासणारे आणि इन्स्टॉल करणारे भागसुद्धा त्यातच. म्हणजे एक आजारी होता, मी विहिरीतच औषध ओतलं. पाच मिनिटांपूर्वी उत्तम चालणारं फोटोशॉप उघडेना, क्रिएटिव्ह क्लाउडची (ॲडोबीची सॉफ्टवेअरं टाकायचं-काढायचं ॲप) खिडकी पांढरीफटक. फोल्डर गेलं तरी विंडोजच्या रजिस्ट्रीत (काय काय बसवलंय त्याच्या वहीत) नोंद तशीच राहते, म्हणून नवा इन्स्टॉलर बघतो तर घर कागदावर आहे आणि जागेवर नाही. तो तरी काय करणार.

मग लायसन्स जिथून घेतलं होतं तिथे फोन. कोण ते लिहीत नाही, उगाच भांडण नको, पण तीन दिवसांत चार वेगवेगळी माणसं बोलली, प्रत्येकाला मी पहिल्यापासून रामायण सांगितलं, स्क्रीनचे फोटो पाठवले, आणि चौथा म्हणाला "मॅडम फॉरमॅट मारून घ्या", आणि तक्रार सोडवली म्हणून मेसेज आला. सोडवली! लॉग (इन्स्टॉल करताना काय काय झालं त्याची नोंद) बघितलात का म्हणून एकानेही विचारलं नाही. माझी एवढीच समजूत झालीय की जो माणूस लॉग न मागता फॉरमॅट सांगतो त्याला तुमचं काम माहीत नाही, त्याला फक्त फोन ठेवायचाय. असो. ह्यावर मी पानभर लिहू शकते.

फॉरमॅट केला. फॉन्ट वाचवले होते बरं का, विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर अख्खं पेनड्राइव्हवर घेतलं होतं. नंतर बघते तर निम्मे मराठी फॉन्ट गायब. विंडोज 10 मध्ये 2018 च्या अपडेटपासून फॉन्टवर राइट क्लिक करून साधं इन्स्टॉल केलं तर तो फक्त त्या युजरपुरता बसतो, आणि फाइल ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा आतल्या फोल्डरात जाते. सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल निवडलं तरच विंडोजच्या मोठ्या फोल्डरात. मला हे कोण सांगणार? बारा-तेरा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. तो फॉन्ट नाही म्हणजे फाइल उघडते पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. "मागच्या वर्षीसारखीच करा, फक्त नावं बदला" म्हणणारी गिऱ्हाइकं समोर, आणि मी शून्यापासून टाइप करतेय. जानेवारीपर्यंत चाललं ते.

म्हणून तुम्ही आज रात्री काहीही करायच्या आधी हे दोन्ही फॉन्ट फोल्डर आणि ॲपडेटाच्या रोमिंगमधलं ॲडोबीचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. ॲपडेटा लपलेलं असतं, हिडन फाइली दाखव करावं लागतं. आणि अंकाच्या फाइली अर्थातच, त्यांच्या चित्रांसकट.

मग आधी क्रिएटिव्ह क्लाउडचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवा, त्यात रिपेअर म्हणून पर्याय येतो, तो करा. क्रिएटिव्ह क्लाउड काढूनच टाकायला जाल तर बाकीची ॲप आहेत म्हणून ते नाही म्हणेल, ते बरोबरच आहे, त्याच्याशी भांडू नका. रिपेअरनंतर क्रिएटिव्ह क्लाउडमधूनच इनडिझाइन काढून बघा. नाही झालं तर मगच ॲडोबीचं क्लीनर टूल. हे ॲडोबीच्याच साइटवरून घ्या, सर्चमध्ये वर जाहिरातीतले जे चकचकीत क्लीनर येतात त्यांना हात लावू नका, रजिस्ट्री साफ करणाऱ्यांना तर मुळीच नाही. टूल उघडलं की काळी खिडकी येते, भाषेला अक्षर दाबा, अटींना वाय, मग आकड्यांची यादी. इथे घाई नको. यादीत 'सगळं' असाही पर्याय असतो, तो घेतला तर तुमचं धडधाकट फोटोशॉपही जाईल. फक्त इनडिझाइनच्या त्या आवृत्तीचा आकडा. हे टूल मला फॉरमॅटनंतर आठवड्याने कळलं, तेही पुण्याच्या एका भाच्याकडून.

त्याच यादीत होस्ट फाइल (नेटवरचे कुठले पत्ते कुठे शोधायचे ते मशीनला सांगणारी फाइल) दुरुस्त करायचाही पर्याय आहे. मशीन सेकंडहँड असेल आणि आधीच्या मालकाने कधीकाळी क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय चालवायची चोरवाट, टाकला असेल (तुम्ही टाकला असं म्हणत नाही हं) तर त्या फाइलीत ॲडोबीचे पत्ते अडवलेले असतात आणि खरं लायसन्स असूनही साइन इन होत नाही. त्यात हे कामाला येतं.

तरी बार अडकला तर पॉपअपमधल्या आकड्यावर डोकं फोडू नका, लॉग वाचा. प्रोग्राम फाइल्स एक्स 86, मग कॉमन फाइल्स, ॲडोबी, इन्स्टॉलर्स, त्यात इन्स्टॉल नावाची लॉग फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा, सगळ्यात खाली जा आणि खालून वर एरर किंवा फेटल शब्द शोधा. बहुतेकदा कुठली फाइल अडली ते तिथे चक्क लिहिलेलं असतं.

आणि अंक थांबवू नका. तुमचं लायसन्स दोन मशीनवर ॲक्टिव्हेट होतं, घरच्या नाहीतर मित्राच्या लॅपटॉपवर साइन इन करून पानं लावायला घ्या. तिथली आवृत्ती तुमच्याएवढी किंवा वरची पाहिजे, खालच्या आवृत्तीत फाइल थेट उघडत नाही, त्यासाठी बहुतेकदा आयडीएमएल (जुन्या आवृत्तीतही उघडणारी प्रत) काढावी लागते आणि ती काढायला तुमचं इनडिझाइन चालू कुठे आहे. मर्यादा संपली असं आलं तर जुन्या मशीनमधून साइन आउट करायचं तिथेच विचारतो. मी फॉरमॅटच्या आधी साइन आउट केलं नव्हतं, त्यामुळे मेलेलं मशीनही यादीत जिवंत होतं, त्यात एक दुपार गेली.

नवीन बसल्यावर काही जुने फॉन्ट दिसेनासे झाले तर घाबरून परत अनइन्स्टॉल करू नका. टाइप 1 नावाच्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट ॲडोबीने जानेवारी 2023 पासून बंद केलेत, ते नव्या आवृत्तीत दिसणारच नाहीत. तसंच अपडेट घेताना जुनी आवृत्ती काढून टाकायची टिक असते, ती काढा. माझं मत विचाराल तर अंक छापखान्यात जाईपर्यंत अपडेट घ्यायचंच नाही, पण ह्यावर इथले बरेच जण माझ्याशी भांडतील.

लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका. स्क्रीनचा मोबाईलवरून काढलेला फोटो नको, कॉपी करून टाका, आणि त्यात मेल आयडी किंवा नाव दिसत असेल तर आधी पुसा. मी रात्री जेवणं आटोपली की बघते.