छोट्या प्रकाशकाला कविता पाठवतोयस ना, मग हे वाच

अरे पहिल्याच मेलला अख्खी वही पाठवू नकोस, पाच-सहा कविता बास. युनिकोडमधेच टाईप कर, जुन्या फॉन्टमधलं समोरच्याकडे नुसतं गिचमिड उघडतं, आणि सोबत पीडीएफ जोड म्हणजे ओळी कुठे तोडल्यात ते त्यांना कळेल. आठवड्याने व्हॉट्सअपवर "सर वाचल्या का" अजिबात नको, बहुतेक जण नोकरी सांभाळून हे करतात, त्यात दिवाळी अंकाची गडबड असली तर बघायलाच नको.

संपादकाने शेवटच्या दोन ओळी काढ म्हटलं तर लगेच चिडू नकोस, त्या ओळींशिवाय कविता मोठ्याने वाचून बघ, मग पटत नसेल तर नाही म्हण पण कारण लिही, असल्या पत्रांतच खरी मजा असते (छापून येण्यापेक्षा जास्त, माझ्या मते).

प्रकाशकाने पैसे मागितले तर किती प्रती, तुला किती, उरलेल्या कोण विकणार हे मेलवरच विचार, फोनवर नाही. हक्क लेखी दिल्याशिवाय तुझेच राहतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने पाच वर्षंच धरतात.

आणि घाई कसली? कवी अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह अशोक शहाणेंच्या प्रास प्रकाशनाने काढला १९७७ ला, तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती.