मेमध्ये उघड्या लॉनवर रिसेप्शन: वळीव, लाइट आणि वाढलेली पानं

तुमचा प्रश्न असा: मेच्या मध्यात कोल्हापुरात उघड्या लॉनवर ६०० पानांचं रिसेप्शन आहे, पाऊस आला, लाइट गेली किंवा माणसं वाढली तर काय करायचं?

आधी वळीव. मांडव पावसापेक्षा त्याच्या आधी सुटणाऱ्या वाऱ्यानं पडतो. आभाळ दाटून धूळ उडायला लागली की बाजूच्या कनाती लगेच सोडून काढून घ्या. त्या शिडासारखा वारा धरतात आणि खांब ओढतात. कमान आणि एलईडी वॉलला मागून ताणाचे दोर आहेत का, हे दुपारीच बघा. छताला मधे उंची देऊन उतार हवाच. १५ बाय १५ फुटांच्या खणात सरासरी १ सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते २०० किलोच्या पुढं जातं. छताला पाण्याचा फुगा दिसला तर आधी खालची माणसं हलवा, मग बांबूच्या टोकाला फडकं गुंडाळून कडेकडून वर ढकला. सुरीनं भोक पाडणारे बहाद्दर असतात, त्यांना लांब ठेवा.

पर्यायी हॉलमध्ये हलायचं की नाही, हे साडेचारला ठरवा आणि ठरवणारा माणूस एकच असू द्या. मुलीच्या वडलांना विचारत बसू नका, ते तेव्हा फेट्यात आणि पै-पाहुण्यांत अडकलेले असतात.

लाइट जाण्यापेक्षा महाग पडतो तो सैल न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार ढिली असणं. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला की एका फेजवरचं व्होल्टेज चढतं आणि अ‍ॅम्प्लिफायर, एलईडी वॉल जळतात. म्हणून लोड टाकल्यावर प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज मीटरवर बघा. २३०च्या आसपास हवं. एकावर १९० आणि दुसऱ्यावर २७० दिसलं तर सगळं बंद करून जोडणी तपासायला लावा. साउंड आणि वॉल पहिल्यापासून जनरेटरवरच चालवा, म्हणजे लाइट गेली तरी कार्यक्रम तुटत नाही. एकूण लोड २० किलोवॅट असेल तर २५ केव्हीएचा जनरेटर कागदावर पुरतो, प्रत्यक्षात ४०चाच घ्या. साउंडच्या मिक्सरला छोटा यूपीएस लावा.

माणसं वाढली तर मटण ऐनवेळी वाढत नाही, भात वाढतो. १०० पानांना १०-१२ किलो तांदूळ आणि १५० अंडी कच्ची, वेगळी ठेवा. तांबड्या रश्श्याच्या मसाल्यात अंडी सोडली की पंक्ती निभावतात. सुकं मटण वाढायला बेतानं वाढणारा जुना वाढपी उभा करा. आचाऱ्याला १५-२० लिटर अळणी पाणी (मटण शिजवलेलं, मसाला न घातलेलं पाणी) बाजूला काढायला सांगा, तांबडा त्यानं वाढतो. पांढऱ्या रश्श्याला हात लावू नका. नारळाचं दूध आहे, खळखळून उकळलं की फुटतं.

पावसात तास-दीड तास गेला तर भाषणं आणि सत्कार कापा, जेवण आधी सुरू करा. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, त्यामुळं गाण्यांचा कार्यक्रम शेवटी ठेवून उपयोग नाही.

तारीख जुलै-ऑगस्टमध्ये ढकलायचा विचार असेल तर पंचगंगेचा हिशोब धरा. २०१९ आणि २०२१ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. म्हणून आचारी, भांडी आणि जनरेटर नदीच्या ज्या बाजूला कार्यालय आहे, त्याच बाजूचे ठरवा.