बांधकाम येत नसताना मातीच्या विटांचं जुनं घर वाचवायला हातभार लावता येतो का?

तुम्ही कॅलिफोर्नियात नवीन आहात, जुन्या रँच घरांच्या जतनाला जायची इच्छा आहे, पण बांधकामातलं काही येत नाही, असं लिहिलंय. बिनधास्त जा. माझा अनुभव वॉटसनव्हिलजवळच्या कॅस्ट्रो अडोबीचा (अडोबी म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचं घर), म्हणून तिथलंच सांगतो.

१८४८-४९ च्या सुमाराचं हे दुमजली घर. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात त्याच्या भिंती जबर फाटल्या. २००२ मध्ये राज्याच्या उद्यान खात्याने ते विकत घेतलं आणि ‘फ्रेंड्स ऑफ सांता क्रूझ स्टेट पार्क्स’ या संस्थेने दुरुस्तीच्या विटा पाडायला आसपासच्या लोकांनाच हाक दिली. शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे चिखलात!

चिकणमाती, वाळू, पाणी आणि काड नीट तुडवायचं. साचा आधी भिजवून घ्यायचा, नाहीतर विटेच्या कडा त्याच्याबरोबर उपटून येतात. चिखल कोपऱ्यांत बोटांनी दाबून बसवायचा आणि साचा सरळ वर उचलायचा. काही दिवसांनी वीट कडेवर उभी करायची, म्हणजे दोन्ही अंगांनी वाळते. पुरती वाळायला महिनाभर तरी जातो. चिकणमाती जास्त पडली किंवा ऊन एकदम लागलं, की तडकलीच. हे सगळं एका सकाळीत हाताला येतं. भूकंपासाठी भिंती आतून बांधून घ्यायचं काम इंजिनियर बघतात, त्याची काळजी तुम्ही करू नका.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, अशा घराचा खरा वैरी पाणी. भूकंप कधीतरी येतो, गळकं छप्पर दर पावसाळ्यात असतं. त्यात भल्या हेतूने भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, की ओल भिंतीतच कोंडते आणि पायाजवळच्या विटांचा आतल्या आत चिखल होतो. बाहेरून मात्र भिंत धडधाकट दिसते! खानदेश-मराठवाड्यातल्या मातीच्या घरांनाही लोक सिमेंट फासतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. गिलावा मातीचा किंवा चुन्याचाच हवा.

म्हणून विटांचं काम नसेल त्या दिवशी पन्हळी साफ करायचं, भिंतीलगतचं गवत आणि साचलेली माती काढायचं काम मागून घ्या. कुणाला ते फारसं आवडत नाही, पण घर त्यावरच टिकतं. जाताना टोपी आणि चिखलात खराब झाले तरी चालतील असे कपडे घाला.