रिपोर्ट नॉर्मल, तरी खिशात टॉर्च

"रिपोर्ट नॉर्मल आहेत मॅडम, पण मला काहीतरी होतंय." इंदूरमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. कुणाला छातीची धास्ती, कुणाला गाठीची. महूहून येणाऱ्या लष्करातल्या एका हवालदारांना डोळ्यातल्या अळीची होती. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण लेबनॉनला होते. १९९८ पासून तिथे भारतीय तुकड्या जातात. आसपास मेंढ्यांचे कळप. गस्तीवर घाम पुसायला गॉगल काढला आणि डोळ्यावर काहीतरी आपटलं. संध्याकाळी डोळा लाल, आत वळवळ. तळावरच्या डॉक्टरांनी थेंबांनी डोळा बधिर करून बारीक अळ्या चिमट्याने काढल्या. मेंढीच्या नाकात अळ्या सोडणारी माशी कधी चुकून माणसाच्या डोळ्यात सोडते, तेही उडता उडता. माणसात त्या वाढत नाहीत, काही दिवसांत मरतात. एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जात नाहीत.

हे सगळं हवालदारांना पाठ होतं. तरी परतल्यावर वर्षभर खिशात टॉर्च, तासातासाला आरसा. लहान मुलाला जवळ घेणंही बंद.

माहितीने भीती जात असती तर मी केव्हाच दुकान बंद केलं असतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानते; माणूस मनात स्वतःशी जे वाक्य घोकतो ते आधी शोधते. तीन भेटी हाती काही लागलं नाही. चौथ्या भेटीत विचारलं, "आरशात नाहीच पाहिलं, तर?"

बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, "तेव्हाही बेसावधच होतो. गॉगल काढायला नको होता."

वर्षभर हा माणूस स्वतःच्याच डोळ्यावर पहारा देत होता तर!

"संतरीची ड्यूटी किती तासांची?"

"दोन तास, मॅडम."

"आणि बदली आलीच नाही तर?"

ते हसले. "मग झुडपंसुद्धा चालायला लागतात."

हे उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण मी गिळलं. तेवढं श्रेय मात्र घेते.

असा त्रास असलेल्यांनी आधी नेत्रतज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यावं. डोळा दुखला, लाल झाला, धूसर दिसलं तर त्याच दिवशी जावं, समुपदेशकाकडे नव्हे. तपासणी स्वच्छ आली की मात्र डॉक्टर बदलत फिरू नये. आरसा एकदम सुटत नाही. दहा मिनिटं पुढे ढकला, मग अर्धा तास. त्या वेळात वळवळ वाढल्यासारखी वाटेल, वाटू द्या. पापणी उलटून चोळल्यानेही डोळा लाल होतो आणि तो लालपणाच पुरावा वाटू लागतो. घरच्यांनी दिवसातून वीसदा "काही नाही हो" म्हणणं थांबवावं. हवालदारांच्या पत्नीला हेच सर्वांत जड गेलं.

नवव्या भेटीला ते आले तेव्हा हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा तसाच राहिलेला. टॉर्च कुठे, विचारलं.

"पोराने घेतली. रात्री पांघरुणात भिंतीवर हरणं काढतो. मीच शिकवलं, शेजारी झोपून."