लोखंड आणि चाक नसताना इंका लोकांनी माचू पिच्चू डोंगरावर कसे बांधले आणि ते तिथे कसे राहत असत?

या प्रश्नाची उत्तरे बहुधा सुरीचे पातेही शिरणार नाही अशा दगडी सांध्यांच्या कौतुकापासून सुरू होतात. ते सांधे थक्क करणारे आहेतच. पण माझ्या मते माचू पिच्चूची खरी करामत जमिनीखाली आहे. तिथे दीर्घकाळ पाहणी करणारे अभियंते केनेथ राइट यांच्या अंदाजानुसार एकूण बांधकामापैकी सुमारे 60 टक्के काम पाया, भराव आणि निचरा यांच्या रूपाने गाडलेले आहे.

एवढा खटाटोप करावा लागला तो जागेमुळे. पेरूमधील हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 2,430 मीटर उंचीवर, दोन शिखरांमधल्या अरुंद धारेवर आहे. दोन्ही बाजूंना तीव्र उतार, खाली उरुबांबा नदी आणि वर्षाला 1,900 मिलिमीटरहून अधिक पाऊस. पाण्याला वाट करून दिली नसती, तर काही पावसाळ्यांतच सगळा डोलारा दरीत गेला असता. म्हणून उतारावर धारण-भिंती बांधून त्यांच्या मागे तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळूमिश्रित माती आणि सर्वांत वर सुपीक माती असे थर भरले गेले, जेणेकरून पाणी साचून भिंतीवर दाब न येता हळूहळू झिरपून जाईल. दगड घडवताना निघालेल्या कपच्याही वाया गेल्या नाहीत; त्या मधल्या चौकाखाली निचऱ्यासाठी पसरल्या गेल्या.

ग्रॅनाइट जागेवरच उपलब्ध होता. नैसर्गिक भेगांचा फायदा घेऊन तो फोडायचा, दगडी हातोड्यांनी ठोकून घडवायचा आणि दोर, उतरण व माणसांचे बळ यांच्या साहाय्याने हलवायचा, अशी ही पद्धत होती. हे मनुष्यबळ ‘मिता’ नावाच्या सक्तीच्या श्रमसेवेतून येत असे, हे कौतुकाच्या भरात विसरू नये. चुन्याविना बसवलेले घोटीव दगड मुख्यतः देवळांना आणि राजनिवासाला लाभले. साध्या घरांच्या भिंती मातीच्या लगद्यात रचलेल्या असून वर गवताची छपरे असत. आत किंचित कललेल्या भिंती आणि वर निमुळती होणारी दारे भूकंपात तग धरतात.

राहणीमानाबद्दल सांगायचे, तर हे आपल्या अर्थाने शहर नव्हते. बहुतेक संशोधक ते पाचाकुती या सम्राटाची खासगी जहागीर मानतात. इंका राजधानी कुस्कोहून राजपरिवार कोरड्या हंगामात येई. तेव्हाही वस्ती साधारण 750 च्या आसपास असावी. वर्षभर राहणारे सेवक आणि कारागीर साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतून आणलेले होते, हे तिथल्या सांगाड्यांच्या अभ्यासातून दिसते. डोंगरातील झऱ्याचे पाणी सुमारे 750 मीटर लांबीच्या कालव्यातून येऊन एकाखाली एक अशा 16 कारंज्यांतून उतरे, आणि पहिले कारंजे राजनिवासाजवळ होते. म्हणजे स्वच्छ पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हे बांधतानाच ठरलेले होते.

मका हे महत्त्वाचे अन्न होते, पण तिथली शेती सर्वांना पुरण्याइतकी नव्हती. बरेचसे धान्य बाहेरून, लामांच्या पाठीवरून किंवा माणसांच्या खांद्यावरून येत असे. त्यामुळे 1532 मध्ये स्पॅनिश आले आणि साम्राज्याची घडी मोडली, तेव्हा हा पुरवठा व श्रमसेवा दोन्ही आटली आणि दरबाराच्या जिवावर चालणारी वस्ती थोड्याच काळात ओस पडली.