बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली आहे, सेकंड पीयू (कर्नाटकातली बारावी) पीसीएम. फाइन आर्ट आणि केमिकल इंजिनिअरिंग अशा दोन पदव्या एकदम करता येतील का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की चित्र आणि मातीकाम सोडवत नाही, केमिस्ट्री आवडते, घरचे इंजिनिअरिंगवर अडून बसलेत आणि परदेशात अशी जोडपदवी असते असं कुठेतरी वाचलंय. थोडक्यात सांगायचं तर नियम आडवा येत नाही, वेळापत्रक येतं. म्हणून माझा सल्ला दोन्ही एकदम न करता एकामागून एक करण्याचा आहे. आधी कोणतं, हे मात्र नीट विचार करून ठरवा.

परदेशातलं खरं आहे. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठ आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन मिळून पाच वर्षांत दोन पदव्या देतात. त्यासाठी दोन्हीकडे वेगवेगळा प्रवेश मिळवावा लागतो आणि त्यानंतर संयुक्त समितीही निवड करते. तिथल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात इंजिनिअरिंगसोबत कला घेता येते. पण तिथे वेळापत्रक मुळातच दोन्ही विषय धरून आखलेलं असतं. आपल्याकडे ही जुळवाजुळव विद्यार्थ्यालाच करावी लागते.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) एप्रिल २०२२मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली. दोन्ही रेग्युलर चालतात, पण तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. किंवा एक रेग्युलर आणि दुसरी दूरशिक्षणाने. आता हिशोब करा. बी.ई.ला चार वर्षांत १६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला सरासरी २०. व्हीटीयूमध्ये (कर्नाटकातलं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) प्रत्येक विषयाला ८५ टक्के हजेरी लागते. लॅब बॅचनुसार, बहुतेक दुपारी. आर्ट कॉलेजातही काम स्टुडिओतच होतं आणि हजेरी तिथेही मोजतात. दोन्हींच्या वेळा न भिडणारी जोडी एका गावात सापडणं अवघड. दोन गावांत तर विषयच संपला: बेळगाव–कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. दुसरी अडचण कागदांची. प्रवेशाच्या वेळी दोन्ही कॉलेजं मूळ टीसी मागतात आणि टीसी एकच असते. दूरशिक्षणाची पळवाटही इथे उपयोगाची नाही, कारण दूरशिक्षणाची इंजिनिअरिंग पदवी ग्राह्य धरली जात नाही आणि कलेचा हात पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांवर तयार होत नाही.

मग आधी काय? बहुतेकांना मी इंजिनिअरिंग म्हणेन. पीसीएमचा अभ्यास आत्ता ताजा आहे. चार वर्षांनी पुन्हा इंटिग्रेशन काढून सीईटीला बसणारे फार थोडे. उलट कलेकडे बी.ई.नंतरही वाट आहे, ती पुढे सांगतो. पण त्याआधी एक गैरसमज दूर करतो: केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे केमिस्ट्री नव्हे. रंग बदलणारी टेस्टट्यूब पहिल्या वर्षानंतर फारशी दिसत नाही. मटेरियल अँड एनर्जी बॅलन्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, थर्मोडायनॅमिक्स, रिअॅक्शन इंजिनिअरिंग, प्रोसेस कंट्रोल, असा तो प्रवास आहे आणि त्यात सगळीकडे गणित. पाइपमधून किती वाहतं, टॉवरमध्ये किती प्लेट लागतात, उष्णता कुठून गळते, हे प्रश्न. केमिस्ट्रीत ९५ आणि मॅथ्स जेमतेम असेल तर तिसऱ्या सेमिस्टरपासून दम लागतो. आपल्या भागातला केमिकल इंजिनिअर पुढे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत दिसतो, नाहीतर हिंदाल्कोच्या अॅल्युमिना प्लांटसारख्या ठिकाणी. त्या कामात रस वाटतो का, हे आत्ताच स्वतःला विचारा.

तुमचा ओढा रंग आणि मातीकडे असेल तर निव्वळ केमिकलपेक्षा जवळच्या शाखा आहेत आणि त्या बेळगावात बसून कोणी सांगत नाही. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत (माटुंग्याची जुनी यूडीसीटी) बी.टेक.ला सरफेस कोटिंग आणि डायस्टफ टेक्नॉलॉजी आहे. नागपूरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) सरफेस कोटिंग आहे, जळगावच्या विद्यापीठात पेंट टेक्नॉलॉजी. तिथे पिगमेंट, रेझिन, तेलं सुकण्याची रसायनं हाच मूळ अभ्यास असतो. जवसाचं तेल बाष्पीभवनाने नव्हे तर हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, म्हणून तैलचित्रात आधीच्या पातळ थरावर तेलकट थर द्यायचा, उलट केलं की वरचा थर तडकतो. हा चित्रकाराचा नियम तिथे समीकरणासकट समजतो.

हे सगळं महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेतून, एमएचटी-सीईटीतून मिळतं आणि इथे सीमाभागाची सोय आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी केलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या कॅप (केंद्रीभूत) प्रवेशात ‘टाइप ई’ उमेदवार धरतात. गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांत आहे का, हे आधी पाहा. सीमाभागाचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला, असे दोन वेगळे कागद लागतात. नमुने माहितीपत्रकाच्या शेवटी असतात. निकालानंतर धावपळ करू नका, दाखले आत्ताच काढायला द्या. फॉर्म भरताना ‘महाराष्ट्राबाहेरचा’ हा पर्याय चुकून टिकला की टाइप ईचा फायदा जातो.

कर्नाटकची केसीईटी तरीही द्याच. दोन्ही परीक्षांचा पिंड वेगळा आहे. केसीईटीत तीन पेपर, प्रत्येकी ६० गुण, ८० मिनिटं, आणि इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूचे पीसीएम गुण निम्मे धरतात. म्हणजे बोर्डाचा अभ्यास सोडता येत नाही. एमएचटी-सीईटीत बोर्डाचे गुण फक्त पात्रतेपुरते. मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न एकेक गुणाचे. दोन्ही भागांना ९० मिनिटं. वेग लागतो, निगेटिव्ह मार्किंग कुठेच नाही. केसीईटीची ऑप्शन एंट्री करताना (कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना) त्या वर्षीची सीट मॅट्रिक्स, म्हणजे जागांची यादी, उघडून केमिकल कुठे उरलंय ते बघा. मागच्या वर्षीच्या यादीवर जाऊ नका, मागणी नसली की कॉलेजं ही शाखा बंद करतात. व्हीटीयूत कन्नडचा एक क्रेडिटचा विषय असतो. छोटा आहे, पण मराठी शाळेतून आलेली मुलं तो गृहीत धरतात आणि अडकतात.

आता त्या चार वर्षांत हात कसा जिवंत ठेवायचा? तुमच्या दाराशीच खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय कुंभारकाम संस्था आहे. सुट्टीत त्यांचं प्रशिक्षण कधी असतं, ते जाऊन विचारा. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, हा असा विषय आहे की तिथे दोन्ही शिक्षणं एकाच भट्टीत येतात. सुरुवातीला वजनाने फेल्डस्पार ४०, सिलिका ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २०, केओलिन (चिनी माती) १० घ्या. हे जुनं आणि भरवशाचं ग्लेझ सुमारे १२८० ते १३०० अंशाला वितळून पारदर्शक होतं. पण खानापूरच्या लाल मातीच्या भांड्यावर ते लावाल तर फसाल. लाल माती साधारण १००० ते ११०० अंशाला पक्की होते. त्यावर दोनशे अंश चढवले की भांडं फुगतं किंवा बसतं. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी, मातीच हवी. थंड झाल्यावर ग्लेझवर जाळीदार तडे दिसले तर त्याचा अर्थ असा की थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. उपाय म्हणजे सिलिका थोडी वाढवायची, सोडा-पोटॅश कमी करायचं. रंगाला कोबाल्ट ऑक्साइड अर्धा ते एक टक्का पुरतं, त्यापुढे ते सगळं गिळून टाकतं. कॉपर कार्बोनेट दोन-तीन टक्के: मोकळ्या हवेच्या भट्टीत हिरवं, धूर कोंडलेल्या भट्टीत लाल. एका वेळी एकच घटक बदला, वीस-पंचवीस छोट्या टाइल्स भाजा आणि प्रत्येकीच्या मागे ऑक्साइडच्या पेन्सिलीने नंबर टाका. स्केचपेनचा आकडा भट्टीत जळून जातो. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही, म्हणून एन-९५ मास्क लावा आणि झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. टाइल्स आणि त्यांची वही हाच तुमचा पोर्टफोलिओ आहे.

रेखाटन रोजचं हवं, त्याला बेळगावात गुरू मिळतात. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे याच गावात घडले, ही परंपरा अगदीच आटलेली नाही. रविवारी मॉडेल बसवणारा वर्ग शोधा. फोटोवरून पोर्ट्रेट गिरवणाऱ्या वर्गाला पैसे देऊ नका.

बी.ई.नंतरच्या वाटा. एम.एफ.ए.ला (फाइन आर्टची मास्टर्स) बहुतेक ठिकाणी बी.एफ.ए. (फाइन आर्टची पदवी) लागतं, तिकडे डोकं आपटू नका. एम.डेस.ला (डिझाइनची मास्टर्स) कोणतीही चार वर्षांची पदवी चालते. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन आहे, तिथे केमिकलचा विद्यार्थी ग्लेझच्या वहीसकट उभा राहिला की मुलाखतीत बोलायला पुष्कळ असतं. आयआयटी मुंबईच्या एम.डेस.साठी सीड परीक्षा, तिच्या दुसऱ्या भागात चित्र काढावं लागतं. तिसरी वाट जुन्या चित्र-शिल्पांच्या जतनाची. लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेचं प्रादेशिक केंद्र म्हैसूरला आहे. तिथे रसायन जाणणारा आणि ब्रश धरता येणारा, दोघेही एकाच माणसात हवे असतात.

उलटा क्रम कोणासाठी? मॅथ्सचा पेपर उघडताना पोटात गोळा येतो आणि चाकावर चार तास कसे गेले कळत नाही, तिच्यासाठी. तिने बी.एफ.ए. करावं. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज ही आर्ट कॉलेजं आहेत, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. महाराष्ट्राच्या आर्ट सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. त्यात मुलं स्मरणचित्रात मार खातात, कारण माणसं उभी-बसलेली-वाकलेली अशी मनातून काढायची सवय नसते. शनिवारच्या बाजारात वही घेऊन बसा, दोन मिनिटांत एक आकृती, असं सहा महिने चालवा. केमिस्ट्री त्या वाटेवरही सुटत नाही. फक्त ग्लेझचं गणित तुम्हाला स्वतः शिकावं लागेल आणि घरच्यांशी बोलताना सिरॅमिक हा धंदा आहे, हे आकड्यांनिशी मांडावं लागेल: भट्टीची किंमत, एका भाजणीचं वीजबिल, किती भांडी फुटतात आणि उरलेली कितीला जातात.